‘निर्विवाद जगज्जेता’: यातला वाद नेमका कोणता?

प्रश्न असा आलाय: मुष्टियुद्धाच्या बातम्यांत ‘अनडिस्प्युटेड चॅम्पियन’ला ‘निर्विवाद जगज्जेता’ म्हणतात आणि ‘युनिफाइड चॅम्पियन’ला कधी ‘संयुक्त’, तर कधी ‘एकीकृत’ विजेता. हे शब्द बरोबर आहेत का? आणि फ्लॉइड मेवेदर, मॅनी पॅकियाओ यांच्या थोरवीबद्दल कुणाचंच दुमत नसताना त्यांना ‘निर्विवाद’ का म्हणत नाहीत?

खरं तर दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. एरवी मराठीत ‘निर्विवाद’ हा मताचा शब्द आहे. ‘निर्विवाद श्रेष्ठ’ म्हणजे ज्याच्या श्रेष्ठत्वाबद्दल दुमत नाही असा. मुष्टियुद्धात मात्र ‘वाद’ हा वादी-प्रतिवादीतला, म्हणजे दाव्याच्या अर्थाचा घ्यायचा. त्या वजनगटाच्या जगज्जेतेपदावर दुसऱ्या कुणाचाही मान्यताप्राप्त दावा शिल्लक नाही, एवढंच हा शब्द सांगतो. या अर्थाने तो चपखल आहे आणि तोच ठेवावा.

दावे इतके कशामुळे होतात? या खेळाला एकच जागतिक संघटना नाही. डब्ल्यूबीए (मूळ 1921ची, 1962पासून या नावाने), डब्ल्यूबीसी (1963), आयबीएफ (1983) आणि डब्ल्यूबीओ (1988) या चौघी आपापला पट्टा, म्हणजे जगज्जेतेपदाचा किताब, देतात. पुरुषांचे रूढ वजनगट 17 धरले, तरी 68 पट्टे होतात. त्यात डब्ल्यूबीएचे ‘सुपर’ आणि ‘रेग्युलर’ विजेते वेगळे, ‘अंतरिम’ विजेते आणखी वेगळे. या उपकिताबांना ‘जगज्जेता’ म्हणणं मला पटत नाही. ते ज्या नावाने दिले जातात, त्याच नावाने लिहावेत.

आज एका वजनगटाचे चारही पट्टे एकाकडे असले, तरच तो निर्विवाद. पण ही मोजणी काळाप्रमाणे बदलली आहे. 1999मध्ये लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलीफील्डला हरवलं तेव्हा तीन पट्टे पुरेसे मानले गेले. डब्ल्यूबीओचा हेवीवेट पट्टा त्या वेळी विताली क्लिचकोकडे होता, पण त्या पट्ट्याला तेवढं महत्त्व देत नसत. चारही पट्टे प्रथम एकवटले ते 2004मध्ये, मिडलवेटमध्ये, बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर दे ला होयाला हरवल्यावर.

आता ‘युनिफाइड’, म्हणजे एकाहून अधिक, पण सगळे नव्हेत, असे पट्टे असलेला विजेता. ‘संयुक्त’ इथे साफ चुकीचा आहे. मराठी क्रीडापानांवर ‘संयुक्त विजेतेपद’ म्हणजे एकच करंडक दोघांत वाटून घेणं. इथे प्रकार नेमका उलटा: अनेक किताब, धनी एक. ‘एकीकृत’ चालेल, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. शिवाय दोन पट्टे की तीन, हे त्यातून कळत नाही. ‘तीन पट्ट्यांचा विजेता’ असं मोजून लिहावं. क्रियापद हवं असेल, तर ‘एकवटणे’ आहेच: ‘त्याने तीन किताब एकवटले.’

हे एकवटणं थोरामोठ्यांनाही का साधत नाही, हे कळलं की पुढचे शब्दही सुटतात. प्रत्येक संघटना विजेत्याला ठरावीक मुदतीत, साधारण वर्षभरात, आपल्या क्रमवारीतल्या ‘अनिवार्य आव्हानवीरा’शी लढायला लावते. चार पट्टे म्हणजे चार आव्हानवीर, आणि मोठ्या लढती वर्षाला जेमतेम दोन. एकाला वेळ दिला की दुसरी संघटना किताब काढून घेते. शिवाय प्रत्येक संघटना मानधनाच्या साधारण 3 टक्क्यांपर्यंत शुल्क घेते. टायसन फ्युरीने नोव्हेंबर 2015मध्ये व्लादिमिर क्लिचकोला हरवलं. करारात फेरलढतीचं कलम होतं, त्यामुळे आयबीएफच्या आव्हानवीराशी लढता येईना आणि दोन आठवड्यांच्या आत तो पट्टा गेला. ओलेक्सांद्र उसिक मे 2024मध्ये फ्युरीला हरवून चारही पट्ट्यांचा धनी झाला, पण फेरलढतीसाठी पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला. टेरेन्स क्रॉफर्डने ऑगस्ट 2017मध्ये लाइट वेल्टरवेटचे चारही पट्टे मिळवले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यातला एक सोडला, कारण तो वरच्या वजनगटात निघाला होता.

वजनगट बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. पॅकियाओचं बरंचसं उत्तर इथे आहे. आठ वजनगटांत किताब मिळवणाऱ्या या माणसाकडे कुठल्याच गटाचे चारही पट्टे एका वेळी आले नाहीत. मेवेदरने 2015मध्ये त्याला हरवलं तेव्हा वेल्टरवेटचे तीन पट्टे एकवटले. आयबीएफचा केल ब्रूककडे होता आणि ती लढत झालीच नाही. डब्ल्यूबीओने तर शुल्काच्या मुदतीवरून दोन-तीन महिन्यांत आपला पट्टा परत घेतला.

प्रवर्तक (लढती भरवणारे) आणि प्रक्षेपणाचे करार हा आणखी एक अडसर. दोन विजेते दोन वेगळ्या वाहिन्यांशी बांधलेले असले की लढत वर्षानुवर्षं लांबते. क्रॉफर्ड आणि एरल स्पेन्स 2023मध्ये भिडले, तोवर चर्चेला काही वर्षं झाली होती. क्लिचको बंधूंचं कारण तर घरातलंच. हेवीवेटचे चारही पट्टे काही काळ त्या दोघांत होते, पण एकमेकांशी लढणार नाही असा आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्या काळात ‘पट्टे एका घरात’ म्हणणं बरोबर, ‘निर्विवाद जगज्जेता’ म्हणणं चूक.

म्हणून बातमीत सरसकट ‘किताब गमावला’ लिहू नये. रिंगणात हरला तर ‘गमावला’, स्वतःहून दिला तर ‘सोडला’, संघटनेने नियमावर बोट ठेवून घेतला तर ‘काढून घेतला’. फ्युरीचा आयबीएफचा पट्टा किंवा उसिक, क्रॉफर्ड, मेवेदर यांचे वर सांगितलेले पट्टे रिंगणात गेलेले नाहीत. ‘गमावला’ वाचून वाचकाला तो हरला असंच वाटणार. ‘निर्विवाद’ लिहिताना वजनगट आणि तारीखही द्यावी, कारण ती अवस्था कधीकधी दोन आठवडेही टिकत नाही.

‘निर्विवाद’च्या जागी ‘अपराजित’ किंवा ‘अजिंक्य’ही वापरू नये. हॉपकिन्सने चार पट्टे एकवटले तेव्हा त्याच्या नावावर पराभव होते, त्यातला एक तर कारकिर्दीतल्या पहिल्याच लढतीतला. मेवेदर 50 लढती जिंकून अपराजित राहिला, पण चारही पट्टे एका वेळी त्याच्याकडे कधीच नव्हते.