टू-सीटरमध्ये इंधन जास्त कसं निघालं? चूक टाकीत नाही, घनतेत आहे

लढाऊ विमानांच्या इंधनक्षमतेचा तुमचा तक्ता पाहिला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबलो. मिराज २००० या फ्रेंच लढाऊ विमानाच्या सिंगल-सीटरपुढे ३,०८३ किलो आणि टू-सीटरपुढे ३,१६२ किलो. तुम्ही विचारलंय की मागे आणखी एक माणूस बसवूनही विमानात ७९ किलो इंधन जास्त कसं मावतं, आणि कॉलेजच्या प्रदर्शनात ग्वाल्हेरजवळच्या महाराजपूर हवाई तळावरच्या विमानांचा तक्ता लावायचा तर यातला कोणता आकडा खरा धरायचा. नेमकी हीच उलटी ओळ माझ्याही तक्त्यात होती, म्हणून सविस्तर लिहितो. अंतर्गत टाकी (विमानाच्या अंगातली) म्हणजे काय, ड्रॉप टँक (बाहेर टांगायची, गरजेला सोडून देता येणारी) म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं दिसतं. ते सोडून देतो.

आधी निकाल सांगतो. तुमचे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, ते फक्त एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत. सिंगल-सीटरची अंतर्गत क्षमता ३,९७८ लिटर. त्याला ०.७७५ ने गुणलं की ३,०८३ किलो येतात. टू-सीटरची क्षमता ३,९०४ लिटर, आणि तिला ०.८१ ने गुणलं की ३,१६२. म्हणजे एका पुस्तकाने हलकं इंधन धरलंय आणि दुसऱ्याने जड. जेट ए-१ या इंधनाची घनता १५ अंश सेल्सियसला ०.७७५ ते ०.८४० किलो प्रति लिटर यात कुठेही असली तरी ते इंधन नियमात बसतं. तुमच्या दोन्ही पुस्तकांनी नियम पाळलाय, पण घनता कुठली धरली ते एकानेही छापलेलं नाही.

आपल्याकडे ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बाजारात तेलाचा डबा घेताना १५ किलोचा की १५ लिटरचा हे विचारूनच पैसे देतात, कारण १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं जेमतेम साडेतेरा किलो. विमानाच्या इंधनाला हाच प्रश्न विचारायचा. टाकीचं माप लिटरमध्ये असतं, कारण टाकी ही जागा आहे. इंजिन मात्र वजन जाळतं, म्हणून वैमानिकासमोरचा काटा किलो किंवा पौंड दाखवतो. बाउझरचं, म्हणजे विमानात इंधन भरणाऱ्या टँकरचं, मीटर पुन्हा लिटर दाखवतं. या दोन भाषांमध्ये दुभाषा एकच, घनता, आणि तक्त्यांमधून तोच गाळलेला असतो. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन आकाशातच संपलं, त्याचं मूळ इथेच होतं. लिटरचे किलो करताना ०.८ च्या ऐवजी १.७७ ने गुणलं गेलं, आणि १.७७ हा पौंडांचा गुणक आहे. विमान गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर निघालं आणि शेवटी इंजिनांविना तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवावं लागलं.

म्हणून माझा ठाम आग्रह: एकाच घराण्यातल्या दोन विमानांची तुलना फक्त लिटरमध्ये करा, आणि दोन्ही आकडे एकाच पुस्तकाच्या एकाच पानावरून घ्या. किलो हवेच असतील तर शेवटी, एकच घनता धरून, स्वतः काढा. ०.८ धरा आणि तक्त्याखाली तसं लिहा. मग सिंगल-सीटर ३,१८२, टू-सीटर ३,१२३ आणि फरक ५९ किलो. हे पटतं. जमिनीलगत पूर्ण आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) लावला तर मिराजचं एम५३ इंजिन मिनिटाला ३०० किलोहून जास्त पितं, म्हणजे हा सगळा फरक दहा-अकरा सेकंदांचा आहे.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच होती. घराण्याला, म्हणजे एका विमानाच्या सगळ्या प्रकारांना मिळून, एकच आकडा असतो हे गृहीत धरणं. एका संस्थेच्या माहिती विभागाला सिंगल आणि टू-सीटरचे वेगळे आकडे लेखी विचारले होते. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की पत्रकात दिलेला आकडा अधिकृत आहे. पत्रकात संपूर्ण घराण्यासाठी मिळून एकच आकडा होता. कुठल्या प्रकाराचा, एकूण की वापरता येण्याजोगा, कुठल्या घनतेवर, काही नाही. ‘अधिकृत’ या शब्दावर भिस्त ठेवून तो सगळ्या ओळींत भरला गेला आणि छापून झालेला तक्ता रद्द करावा लागला. माहिती मागायला आलेल्याला अर्धवट आकडा देण्यापेक्षा ‘आमच्याकडे नाही’ म्हणणं कितीतरी उपकाराचं असतं, हे अशा टेबलांवर कुणाला पटत नाही याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही प्रदर्शनासाठी कुठे पत्र पाठवलं असेल तर उत्तराची वाट पाहा, पण त्यावर तक्ता अडवून ठेवू नका.

आता गॅलन. जुनी ब्रिटिश पुस्तकं इम्पीरियल गॅलन छापतात, म्हणजे ४.५४६ लिटर. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. मिराज सिंगल-सीटर म्हणजे ८७५ इम्पीरियल किंवा १,०५१ अमेरिकी गॅलन. ८७५ ला अमेरिकी समजून गुणलंत तर ३,३१२ लिटर येतील आणि साडेसहाशे लिटर गायब होतील. टू-सीटरसाठी हेच आकडे ८५९ आणि १,०३१. तुमच्या तिसऱ्या पुस्तकातला ८,६७८ हा आकडा तर अंतर्गत क्षमतेचा नाहीच. त्यात पोटाखालची १,३०० लिटरची आणि पंखांखालच्या प्रत्येकी १,७०० लिटरच्या दोन टाक्या मिळवल्या आहेत. बेरीज करून पाहा, बरोबर ३,९७८ उरतात.

एफ-१६ च्या ओळीत तुमची तक्रार आहे की पौंड तेच असताना लिटर दोन ठिकाणी वेगळे येतात. तिथेही घनताच. अमेरिकी वायुदल आधी जेपी-४ वापरायचं, हिशेबाला ६.५ पौंड प्रति गॅलन. नव्वदच्या दशकात ते जेपी-८ वर गेलं, ६.७ पौंड. ७,००० पौंडांना ६.५ ने भागा, १,०७७ गॅलन, म्हणजे सुमारे ४,०७६ लिटर. ६.७ ने भागा, १,०४५ गॅलन, सुमारे ३,९५४ लिटर. १२२ लिटरचा फरक निव्वळ भागाकारातून. मिराजच्या दोन प्रकारांमध्ये खरा फरक ७४ लिटरचा आहे, म्हणजे हिशेबातली चूक मूळ फरकाहून मोठी झाली.

इतकं सांभाळलंत की तक्त्याचा खरा रस सुरू होतो: टाकीची जागा कोणी घेतली? मला विचाराल तर आकड्यांपेक्षा हा रकाना महत्त्वाचा, आणि तो तुमच्या तक्त्यात नाही. जरूर घाला.

मिराजच्या टू-सीटरमध्ये मागचं आसन बसवताना धड सुमारे वीस सेंटिमीटरने लांबवलं आणि ३० मिलिमीटरच्या दोन्ही तोफा काढल्या. जागा अशी बरीचशी दुसरीकडून आली, म्हणून इंधन दोन टक्केही कमी झालं नाही. एफ-१६ मध्ये टू-सीटरची लांबी सिंगल-सीटरइतकीच ठेवली आणि मागचं आसन थेट पुढच्या टाकीच्या जागेवर आलं. त्यामुळे साधारण ७,००० पौंडांवरून इंधन ५,८०० च्या आसपास उतरलं, सुमारे १७ टक्क्यांची घट. काम एकच, दुसरं आसन घालण्याचं, पण एका घराण्याला किरकोळ आणि दुसऱ्याला जबर किंमत. सुखोई-२७ च्या टू-सीटरने तर टाकीला हातच लावला नाही. मागचं आसन उंच करून बसवलं आणि ९,४०० किलोची क्षमता जवळपास तशीच ठेवली. ‘टू-सीटर म्हणजे इंधन कमी’ असं सरसकट वाक्य तक्त्याखाली लिहू नका.

सुखोईच्याच ओळीत आणखी एक खड्डा आहे. तिथे ५,२७० किलो असाही आकडा सापडतो. ती क्षमता नव्हे, नेहमीच्या उड्डाणाला भरायचं इंधन आहे. पूर्ण ९,४०० किलो भरले की विमान जड होतं आणि जोरदार वळणाची मर्यादा खाली आणावी लागते, म्हणून नेहमीचा भार वेगळा ठरवलेला असतो. हे दोन आकडे दोन वेगळे प्रकार समजून दोन ओळींत घातलेले तक्ते पाहिले आहेत.

एफ-३५ चं घराणं तुम्ही शेवटी ठेवलंय, ते वर घ्या. शिकवायला त्याहून चांगलं उदाहरण नाही. ए सुमारे १८,२५० पौंड, बी सुमारे १३,५०० आणि सी सुमारे १९,७५०. बी उभं उतरू शकतं, त्यासाठी वैमानिकाच्या पाठीमागे भला मोठा लिफ्ट फॅन आहे, आणि ए मध्ये तिथे इंधन असतं. चौथा हिस्सा इंधन त्या पंख्याने खाल्लं. सी विमानवाहू जहाजासाठी आहे, पंख मोठे, म्हणून पंखांतल्या टाक्याही मोठ्या.

नवीन प्रकार म्हणजे जास्त इंधन, ही समजूतही सोडा. मिग-२१ बघा. एमएफ मध्ये २,६५० लिटर. पुढच्या एसएमटी मध्ये पाठीवर मोठा उंचवटा करून ३,२५० लिटर नेले, पण विमानाचा तोल बिघडला. त्यानंतरच्या बिस मध्ये पाठ आटोपशीर केली आणि २,८८० लिटरवर थांबले. तक्ता वर्षांप्रमाणे लावलात तर आकडा चढून पुन्हा उतरतो, आणि बघणारा नेमका तिथेच प्रश्न विचारेल. उत्तर तयार ठेवा. मिग-२९ मध्ये जागा आणखी निराळ्या ठिकाणी सापडली. जुन्या प्रकारात पंखांच्या मुळाशी वरच्या बाजूने हवा घेणाऱ्या झडपा होत्या, खराब धावपट्टीवरचे खडे इंजिनात जाऊ नयेत म्हणून. एम आणि के प्रकारांत त्या काढल्या आणि तिथे इंधन भरलं.

मिराजच्या एन आणि डी प्रकारांबद्दल तुम्ही विचारलंय. दोन्ही टू-सीटर आहेत, त्यांना मिराज २०००बी या मूळ टू-सीटरच्या ओळीत ठेवा. आपल्या भारतीय वायुदलाच्या मिराजमध्ये एच हे सिंगल, टीएच हे टू-सीटर. २०११ च्या करारानंतरच्या सुधारणेत रडार, कॉकपिट, शस्त्रयंत्रणा बदलल्या. त्यावरून इंधन वाढलं असं लिहू नका.

आता ग्वाल्हेरच्या प्रदर्शनात शोभेल अशी एक गोष्ट. तापमान एका अंशाने वाढलं की केरोसीन जातीच्या इंधनाची घनता साधारण ०.०००७ ने घटते. १५ अंशांना ०.८०० असलेलं इंधन ४५ अंशांना ०.७७९ होतं. सिंगल-सीटरच्या ३,९७८ लिटरमध्ये मग ३,१८२ ऐवजी सुमारे ३,०९९ किलोच मावतात. म्हणजे ४५ अंशांचं इंधन भरलेलं सिंगल-सीटर हे १५ अंशांचं इंधन भरलेल्या टू-सीटरपेक्षा २४ किलो कमी इंधन घेऊन उडेल. टाकी मोठी, इंधन कमी. एवढी एक चौकट काढलीत तरी घनतेचा मुद्दा लहान मुलालाही कळेल. फक्त ४५ हे इंधनाचं तापमान आहे, हवेचं नव्हे, हे स्पष्ट लिहा. जमिनीखालच्या टाकीतलं इंधन मे महिन्यातल्या दुपारइतकं तापत नाही.

पडताळणीची सोपी रीत: प्रत्येक ओळीत किलोला लिटरने भागा. उत्तर ०.७७५ ते ०.८४० मध्ये आलं तर ठीक. ०.६५ च्या आसपास आलं तर लिटर इम्पीरियल गॅलनांचे आणि किलो अमेरिकी गॅलनांचे असण्याची शक्यता मोठी. १.७ च्या वर गेलं तर किलोच्या जागी पौंड आहेत. ०.७६ सारखं काही आलं तर लगेच खोडू नका, जेपी-४ हलकंच असतं. ‘एकूण’ आणि ‘वापरता येण्याजोगं’ यांची सरमिसळही बघा. प्रत्येक टाकीत तळाशी थोडं इंधन अडकून राहतं, वर फुगायला थोडी जागा सोडतात, आणि काही विमानांच्या टाक्यांत स्फोट रोखायला जाळीदार फोम भरलेला असतो, तोही दोन-तीन टक्के जागा घेतो. एफ-१६ च्या खांद्यांवरच्या घट्ट बसणाऱ्या टाक्या जोडीने ४५० अमेरिकी गॅलनांच्या आहेत. त्या अंगाचा भाग दिसल्या तरी अंतर्गत क्षमतेत धरत नाहीत.

हे सगळे छापील, सार्वजनिक आकडे आहेत, प्रदर्शनापुरते. यावरून पल्ला किंवा उड्डाणाचा वेळ काढून तो खरा म्हणून लावू नका, त्यात उंची, वेग, भार, राखीव इंधन असं बरंच येतं. आणि कृपा करून आकडे पडताळायला महाराजपूरच्या फाटकाशी जाऊ नका, कुंपणाजवळ फोटोही काढू नका. त्याचा मनस्ताप फार होतो आणि हाती काही लागत नाही.

तुमची दुसरी ओळ अशी लिहा: सिंगल-सीटर ३,९७८ लिटर, टू-सीटर ३,९०४ लिटर, घनता ०.८ धरून ३,१८२ आणि ३,१२३ किलो, जागा घेतली मागच्या आसनाने. काही पुस्तकांत टू-सीटरला ३,८७० लिटरही दिसतील. तो आकडा घ्यायचा असेल तर सिंगल-सीटरचाही त्याच पुस्तकातून घ्या, तिथे बहुधा ३,९८० असेल. तक्ता दुरुस्त झाला की इथे टाका, एफ-३५ ची ओळ मी तपासून देतो.