एमएसडब्ल्यूला इंग्लंडचा 1601 चा कायदा कशाला शिकवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की समाजकार्य म्हणजे शेवटी समाजसेवाच ना, मग त्याला एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) ही दोन वर्षांची डिग्री कशाला, आणि पहिल्याच सेमिस्टरला इंग्लंडचा 1601 चा गरिबांसाठीचा कायदा (पुअर लॉ) कशाला घोकायचा, आपल्याकडे याचा काही इतिहास नाही का. मी एमएसडब्ल्यू करून सरकारी हॉस्पिटलात वीसेक वर्षं काम केलंय (पदाचं नाव समाजसेवा अधीक्षक, पण वॉर्डात सगळे 'एमएसडब्ल्यू मॅडम' म्हणूनच हाक मारतात). कॉलेजात मलाही हाच प्रश्न पडला होता आणि परीक्षेपुरतं पाठ करून मी तो सोडून दिला. उत्तर मिळालं ते नोकरी लागल्यावर.

पहिलंच वर्ष होतं. एका बाईच्या नवऱ्याच्या पायात रॉड टाकायचा होता, आणायला पैसे नव्हते, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून तिला माझ्याकडे पाठवलं. माझं टेबल तेव्हा ओपीडीच्या पॅसेजमध्ये, मागे लाईन लागलेली, आणि मी फॉर्म पुढे ओढून सुरू झाले, उत्पन्न किती, घर स्वतःचं का भाड्याचं, कमावतं कोण, मुलगा सांभाळत नाही का, नवरा पितो का. त्या शेवटच्या प्रश्नाला ती एकदम गप्प झाली. मागच्या लाईनमध्ये तिच्याच गल्लीतलं कोणीतरी होतं हे मला नंतर कळलं. 'बघते' म्हणून गेली ती परत आलीच नाही. दोन दिवसांनी वॉर्डात गेले तर सिस्टर म्हणाल्या, डामा घेऊन गेले. म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून पेशंटला घरी नेला. ती बाई मला आजही आठवते.

तो प्रश्न मी शोधून काढलेला नव्हता, फॉर्मवर छापलेलाच होता. तो तिथे कुठून आला हे समजायला 1601 वाचावा लागतो.

एलिझाबेथ राणीच्या त्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरिशवर टाकली, पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा गाव समजा, आणि त्यासाठी तिथल्या लोकांवर कर बसवला. ही खरंच मोठी गोष्ट होती, भीक घालणं मर्जीवर असतं, कर द्यावाच लागतो. पण त्याच कायद्याने गरिबांची वाटणीही केली, म्हातारे-आजारी-अपंग एका बाजूला, धडधाकट दुसऱ्या, पोरंबाळं तिसऱ्या. मदत करण्याआधी 'हा पात्र आहे का' हे विचारायची सवय कायद्यात शिरली ती अशी. 1834 च्या नव्या कायद्यात तर वर्कहाऊसमधलं, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन काम करवायच्या जागेतलं, जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईटच असलं पाहिजे असं तत्त्वच ठरवलं, हेतू हा की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी दारात येऊ नये. पुढे 1869 मध्ये लंडनला चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली, तिचे लोक घरोघर जाऊन चौकशी करायचे की हा माणूस मदतीच्या लायक आहे की नाही. आपण जी गृहभेट शिकतो ना, तिचं एक मूळ तिथे आहे. याच चळवळीतून आलेल्या अमेरिकेच्या मेरी रिचमंडने 1917 मध्ये 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक लिहून त्या चौकशीला शिस्त दिली, नुसती लायकी तपासण्यापेक्षा माणूस कुठल्या परिस्थितीत अडकलाय ते समजून घ्यायचं असं वळण दिलं. केसवर्क, म्हणजे एकेका माणसाची अडचण समजून घेऊन त्याच्याबरोबर काम करणं, म्हणून आज जे शिकवतात ते तिथून आलं.

त्याच काळात दुसरी एक वाट निघाली आणि मला ती जास्त जवळची वाटते. 1884 मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उभा राहिला, शिकलेल्या पोरांनी तिथेच येऊन राहायचं. तो बघून आलेल्या जेन अॅडम्सने मैत्रिणीबरोबर 1889 मध्ये शिकागोत तसंच हल हाऊस सुरू केलं. वस्तीत कचरा उचलला जात नव्हता आणि पोरं आजारी पडत होती, तर या बाईने 1895 मध्ये स्वतः वॉर्डाची कचरा इन्स्पेक्टर होऊन पहाटे गाड्यांच्या मागे फिरून काम करून घेतलं. म्हणजे आईला 'पोराला स्वच्छ ठेव' असं सांगत बसण्यापेक्षा कचऱ्याची गाडी का येत नाही ते बघितलं.

आता आपलं. ती चॅरिटी सोसायटी आणि टॉयन्बी हॉल तिकडे चालू व्हायच्या आधी, 1863 मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. कोवळ्या वयात विधवा झालेल्या, पुनर्विवाहाला बंदी, घरातल्याच कोणीतरी फसवलेल्या ब्राह्मण मुली, त्यांना जीव देणं नाहीतर पोटचं मूल मारणं एवढेच दोन रस्ते होते. फुल्यांनी शहरात पत्रकं लावली, त्याचा आशय असा की गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं का इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. पुन्हा वाचा ते. बाप कोण, चूक कोणाची, तू चांगल्या चालीची आहेस का, यातलं काही नाही, आणि मर्जी इथे मदत घेणाऱ्या बाईची आहे. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये पेशंट आणता आणता सावित्रीबाई 10 मार्चला गेल्या. हे आपल्याला समाजसुधारक म्हणून शाळेत शिकवतात पण समाजकार्याच्या पेपरात मात्र लंडनपासून सुरुवात होते आणि फुले एका परिच्छेदात उरकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंतरची एक साखळी सांगते कारण तुमच्या डिग्रीचा जन्म तिच्यात आहे. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, त्यात आलेले ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली, रात्रशाळा, वाचनालयं, गिरणी कामगारांसाठी सहकारी पतपेढ्या असं काम. पण कर्जबाजारी कामगाराला काटकसर शिकवून किती होणार, मुळात पगारच पुरत नाही, हे त्या माणसाला उमगलं असणार, कारण 1920 मध्ये आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी करण्यात तेच पुढे होते. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेत पैसे देणारा देशातला पहिला कायदा झाला, कौन्सिलमध्ये त्या बिलाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते. गिरणीतल्या बाईला बाळंतविडा वाटणं ही समाजसेवा झाली, आणि तिला कायद्याने पगार मिळवून देणं, तेही समाजकार्यात येतं.

याच काळात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ट नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवत होते, म्हणजे टॉयन्बी हॉलची पद्धत थेट कामाठीपुऱ्याच्या शेजारी. 1936 मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, देशातलं पहिलं, 1944 पासून तेच टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). आणि 1946 मध्ये जे. जे. हॉस्पिटलात देशातली पहिली मेडिकल सोशल वर्करची नेमणूक झाली, माझ्या खुर्चीचा वंश तिथून. (याच अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाईंची नगरची मुलींची शाळा बघून आल्यावर जोतीरावांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. त्यामुळे 'हे पाश्चात्य, हे आपलं' अशी रेघ मारायला गेलं की हात अडखळतो.)

अजून एक, रोजगार हमी. 1972 चा दुष्काळ माझ्या आईने भोगलाय, खडी फोडायला गेली होती ती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा महाराष्ट्रात 1977 मध्ये कायदा झाला. धडधाकटाला काम द्या हे 1601 मध्येही होतं, पण तिथे ते शिक्षेसारखं, काम नाकारलं तर कोठडी. इथे उलटं केलं, गावातल्या कोणीही मोठ्या माणसाने काम मागायचं आणि पंधरा दिवसांत नाही दिलं तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. पात्रतेची चौकशीच नाही. आणि पैसा कुठून, तर तुमच्या-माझ्या पगारातून दरवर्षी 2500 रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो याच्यासाठीच सुरू झालेला. पुढे 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला याचाच अनुभव कामी आला.

तर डिग्री कशाला. दया माझ्यात पहिल्या वर्षीही भरपूर होती, त्या बाईला मदत करायचीच होती मला. पण कुठे बसून, कोणासमोर, काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही, आणि इम्प्लांट, म्हणजे त्या रॉडसारखी वस्तू, गरिबाला बाहेरून का आणावं लागतं हे कोणाला विचारायचं, ते नुसत्या दयेतून येत नाही, शिकावं लागतं. पुस्तकी शिकवण पुरते असंही नाही. गाडगेबाबांकडे कुठली डिग्री नव्हती, पण पेशंटबरोबर आलेला माणूस रात्री झोपणार कुठे हे त्यांना कळत होतं, दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात.

नंतर मी भांडून एक खोली मिळवली, जुनी स्टोअररूम, पंखा नव्हता पण दार लागायचं. फॉर्म तोच राहिला. मी फक्त तो ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि आधी विचारायचे, सकाळपासून काही खाल्लंत का, रात्री कुठे झोपता. उत्पन्न वगैरे त्या बोलण्यात आपोआप यायचं. 'नवरा पितो का' समोर मी वीस वर्षं रेघ मारत आले, एकदाही कोणी हरकत घेतली नाही.

फिल्डवर्क सुरू झालं की एक दिवस तहसील ऑफिसला संजय गांधी निराधारच्या लाईनीत जाऊन उभे राहा, आणि खिडकीतून म्हातारीला काय काय विचारतात ते घरी येऊन लिहून काढा.