‘लाइफटाइम’ चार महिन्यांत संपलं

प्रश्न : परभणीत बसस्टँडच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. मी आणि बायको, दोघंच. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून डिझाइनचं सॉफ्टवेअर घेतलं, ‘ओरिजिनल, लाइफटाइम’, २,४०० रुपयांत. व्हॉट्सॲपवर नुसती ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड, आली. ऐन लग्नसराईत ते बंद पडलं. आता कंपनीच्या वकिलाचा मेल आलाय. पैसे मोजून घेतलं तरी चोर मीच का? अन् विकणारा मोकळा?
– एक डीटीपीवाला

उत्तर : स्वतःला चोर म्हणवून घ्यायची घाई करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ६३-ब संगणक प्रोग्रॅमच्या बेकायदा प्रतीबद्दल आहे. त्यातला एक शब्द तुमच्यासाठी लाखमोलाचा : ‘जाणूनबुजून’. माहीत असून वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, वर ५० हजार ते २ लाख दंड. मेल येईपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. उद्या म्हणता येणार नाही. (२,४०० ला ‘लाइफटाइम’ मिळतंय म्हटल्यावर शंका आली नाही का, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. मीही विचारला असता.)

म्हणून आधी पुरावा. जाहिरातीचा, ऑर्डरचा, व्हॉट्सॲप चॅटचा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याची नोंद. मग सॉफ्टवेअर काढून टाका. हा क्रम उलटा करू नका. माझ्या एका पक्षकारानं घाबरून आधी चॅटच पुसलं, आणि मग आम्ही दोघं रिकाम्या हातानं बसलो.

विकणारा मोकळा नाही. कलम ६३ खाली त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही) असल्याचं सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये सांगितलंय. पण कॉपीराइटचा दिवाणी दावा लावायचा तो मालकानं, म्हणजे कंपनीनं. तुमची तक्रार फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, नाहीतर सायबर पोलिसांकडं जा.

पैशांसाठी ज्या ऑनलाइन बाजारातून घेतलंत त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाहीच दिला तर परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा. रक्कम ५ लाखांच्या आत आहे, म्हणजे फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तिथं समोरून हमखास येणारा मुद्दा म्हणजे ‘यांनी धंद्यासाठी घेतलं, हे ग्राहकच नाहीत’. त्यावर सांगायचं, की दुकान नवरा-बायकोच चालवतो, त्यावरच पोट आहे. स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्याच खात्यात येते. दहा कारागीर ठेवले असते तर हे उत्तर अवघड गेलं असतं.

मेलचं म्हणाल तर तो खरंच कंपनीचा आहे का, हे तिच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहून विचारा. असल्या नोटिशीच्या नावाखाली ‘तडजोडीचे’ पैसे मागणारेही भेटतात. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. आणि स्वतःच्या हातानं ‘चूक झाली, माफ करा’ असं काही लिहून पाठवू नका. आधी ते स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या वकिलाकडं जाऊन या.