हार्बर लाइट्स या अमेरिकी कंपनीच्या जुन्या दीपगृह-प्रतिकृतींना आज किंमत येते का? केप लुकआउटचा रंग चुकलेला असेल तर ती जास्त महाग जाते का?

रंग चुकलेला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या केप लुकआउट दीपगृहावर काळ्या-पांढऱ्या चौकटीच आहेत, 1873 पासून आहेत आणि तिथेच असायला हव्या होत्या. तुम्ही लिहिलंय की काकूंनी अमेरिकेहून आणलेल्या प्रतिकृतींमध्ये ही एक आहे आणि 'रंगाऱ्याने दोन दीपगृहांच्या रंगांची अदलाबदल केली, म्हणून ही दुर्मीळ' असं तुमचे भाऊ म्हणतात. किमतीचं पुढे सांगते, पण आधी हे निस्तरू द्या. कारण हीच गोष्ट मी स्वतःच्या घरात कितीतरी वर्षं ऐकते आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. माझ्या दिवाणखान्यात या किनाऱ्यावरच्या चार उंच दीपगृहांच्या प्रतिकृती ओळीने मांडलेल्या आहेत: हॅटरस, लुकआउट, बॉडी आयलंड आणि करिटक. माझे धाकटे दीर शार्लटला असतात. दिवाळीला आले, फराळाचं ताट हातात घेतलं की ते फळीपाशी उभे राहतात आणि जो कुणी पाहुणा असेल त्याला सांगतात: हॅटरससमोरच्या वाळूच्या उथळ पट्ट्यांचं नाव डायमंड शोल्स, आणि पत्त्यातल्या चौकटला इंग्रजीत डायमंडच म्हणतात, म्हणजे चौकटी हॅटरसवर रंगवायच्या होत्या, कंत्राटदाराने कागद उलटसुलट केले आणि चौकटी गेल्या लुकआउटवर. पाहुणे हसतात, वाहवा करतात. मी काही बोलायला गेले की, "अहो वहिनी, हे तिथल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे!"

सगळ्यांना माहीत असणं हा पुरावा नाही. हा किनारा म्हणजे वाळूच्या सपाट बेटांची रांग. डोंगर नाही, कडा नाही, जहाजावरून बघून 'आलं अमुक गाव' म्हणावं असं काही नाही. लुकआउटचा मनोरा 1859 चा, 163 फूट. त्याच्याच धर्तीवर पुढे हॅटरस 1870 मध्ये, बॉडी आयलंड 1872 मध्ये आणि करिटक 1875 मध्ये उभे राहिले. सगळे विटांचे, सगळे उंच, सगळे निमुळते. रात्री दिव्याच्या उघडझापीवरून कळेल, पण दिवसा कोणता कुठला कसं कळणार? आणि इथे चूक म्हणजे थेट वाळूत रुतणं. या पाण्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात ते उगाच नाही. म्हणून 1873 मध्ये अमेरिकेच्या लाइटहाऊस बोर्डाने रंग ठरवून दिले. हॅटरसला नागमोडी फिरत वर जाणारे काळे-पांढरे पट्टे, बॉडी आयलंडला आडवे पट्टे, लुकआउटला चौकटी. करिटक नंतर झालं तेव्हा त्याला रंगच दिला नाही, लाल विटा तशाच ठेवल्या, तीच त्याची ओळख. आपल्याकडे कुलाब्याजवळचं प्रॉन्ग्जचं दीपगृह 1875 चंच. त्याच्या अंगावरचे पट्टेही शोभेसाठी नाहीत.

आता कळीचा मुद्दा. त्या वेळी खलाशांसाठी काढलेल्या सूचनेत कोणत्या मनोऱ्यावर कोणती नक्षी हे नावानिशी दिलेलं आहे आणि लुकआउटपुढे चौकटीच लिहिल्या आहेत, बुद्धिबळाच्या पटासारख्या म्हणून. डायमंडचा तिथे संबंधच नाही. ते नाव जुळतं म्हणून नंतर कुणीतरी ही कथा रचली.

दुसरा मुद्दा मी दिरांना प्रत्यक्ष दाखवला. उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं हार्कर्स आयलंडहून फेरीबोटीने लुकआउटला गेलो होतो. मनोऱ्याखाली उभं राहून मी फोनवरचं होकायंत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, चला, एक फेरी मारू. उत्तरेला काळी चौकट समोर येते, दक्षिणेला काळी. पूर्वेला पांढरी, पश्चिमेला पांढरी. म्हणजे जहाजाला नुसतं 'हे लुकआउट' एवढंच नाही, आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत याचाही अंदाज यावा अशी मांडणी आहे. ज्यांनी दिशा मोजून चौकटी आखल्या त्यांनी गावच चुकीचं धरलं? वाळू तापलेली, मुलं पाण्याकडे ओढत होती, दीर सगळं ऐकून 'हं' म्हणाले. परतीच्या बोटीवर शेजारच्या कुटुंबाला त्यांनी पुन्हा कागद उलटसुलट झाल्याचीच गोष्ट सांगितली. त्या कुटुंबातल्या लहान मुलीने दुकानातून घेतलेलं छोटंसं लुकआउट मांडीवर धरलं होतं. तिच्या मनात आता आयुष्यभर ते 'चुकलेलं' दीपगृह राहणार, याचा मला अजून राग येतो.

माझ्या मते प्रतिकृतीचा खरा कस तिथेच लागतो. चौकटी नीट आहेत का, हॅटरसचे पट्टे नीट फिरत वर जातात का. हॅटरसची प्रतिकृती 1999 च्या आधीची असेल तर ती जुन्या जागेवरच्या मनोऱ्याची, तेही लक्षात ठेवा: 1870 मध्ये समुद्र त्याच्यापासून दीड हजार फुटांवर होता, शंभर वर्षांत सव्वाशे फुटांच्या आत आला, आणि 1999 मध्ये सुमारे 4,800 टनांचा तो अख्खा मनोरा रुळांवरून सरकवत 2,900 फूट आत नेला. असं काही ठाऊक असलेला माणूस तुमच्या काकूंच्या वस्तू हातात घेईल तेव्हाच त्यांची किंमत होईल.

पैशांचं विचारलंत तर स्पष्ट सांगते, फार आशा धरू नका. बिल यंगर यांनी 1991 मध्ये कॅलिफोर्नियात हार्बर लाइट्स सुरू केलं. पहिल्या मालिकेतली प्रत्येक प्रतिकृती 5,500 नगांची, खाली क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. नव्वदच्या दशकात लोकांनी त्या पुढे भाव वाढेल म्हणून घेतल्या आणि खोक्यातच जपल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे त्या दुर्मीळ राहिल्या नाहीत, आणि इंटरनेटवर लिलाव सुरू झाल्यावर ते उघड्यावर आलं. मूळ खोकं आणि प्रमाणपत्र असेल, क्रमांक अगदी सुरुवातीचा असेल तर थोडं जास्त मिळतं. नाहीतर बहुतेकांना घेतलेली किंमतही परत येत नाही. 'चुकीचा रंग' म्हणून जाहिरात मात्र करू नका. जाणकार गिऱ्हाईक तिथेच उठून जाईल आणि अजाण गिऱ्हाइकाला तुम्ही खोटं विकाल.

माझा अनुभव फक्त इथल्या बाजाराचा आहे. भारतातून विकायचं तर पाठवण्याचा खर्चच वस्तूपेक्षा जास्त होऊ शकतो, तेव्हा आधी तो विचारून घ्या. पाण्याने धुऊ नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. रंगाचा टवका उडाला असेल तर घरी रंगवू नका. वरच्या सज्जाचं कठडं आणि दिव्याचं टोपण सगळ्यात आधी मोडतं, तिथे कापूस घालून बांधा. आणि लुकआउट ज्याला द्याल त्याला चौकटींचं कारण नीट सांगून द्या. तुमच्या भावालाही सांगा.