घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड कुणाकडे असावा?

ताई, तुम्ही विचारलंय की घरात एकच कॉम्प्युटर आहे, तुम्ही, मिस्टर, सासरे आणि बारावीतली मुलगी असे चौघं तो वापरता, ॲडमिन अकाउंट (ज्यातून कॉम्प्युटरमध्ये सगळे बदल करता येतात ते) मिस्टरांचं आहे, पासवर्ड फक्त त्यांना माहीत आहे आणि मागितला की ते म्हणतात, "तुम्हाला लागतोय कशाला?" हे बरोबर आहे का, आणि मुलीला पासवर्ड सांगावा का.

बरोबर नाही. पासवर्ड आजच मागून घ्या, एका वहीत लिहा आणि ती दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा. "लागतोय कशाला" हे वाक्य मी माझ्या माहेरच्या घरात ऐकलंय, आणि त्याची किंमत काय पडली ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझं माहेर कोल्हापुरात, शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. आमचे आप्पा टर्नर. उद्यमनगरात वीस-बावीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभं राहून काम केलं, मग घरामागं शेड घालून स्वतःचा लेथ टाकला. गुऱ्हाळाच्या चरकाचे रोल, ऑइल इंजिनाचे पार्ट, पंपाचे शाफ्ट, असलं जॉबवर्क. त्यांची एक वही होती, लाल कापडी पाठीची. प्रत्येक जॉबची मापं तिच्यात पेन्सिलनं काढलेली, कडेला गिऱ्हाइकाचं गाव आणि कुठं किती ढिलं सोडायचं ते. "वडणगे, चरक, डाव्या अंगाला जास्त झिजतो" असं एका पानावर होतं, ते अक्षर मला अजून डोळ्यापुढं दिसतं. लग्नानंतरही मी राजारामपुरीतून रोज जाऊन शेडची बिलं, जीएसटी, येणं-देणं बघत होते. आजही बघते.

धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. 2018 च्या दिवाळीत तो आला आणि त्यानं घरचा कॉम्प्युटर नीट लावून दिला. विंडोज 7 होतं. स्वतःचं ॲडमिन अकाउंट केलं, मला आणि आईला साधं स्टँडर्ड, म्हणजे नुसतं वापरापुरतं. आप्पांची ती वही पान न् पान स्कॅन केली, मशिनांची खरेदीची बिलं आणि विम्याची पॉलिसीही केली, आणि सगळं आपल्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवलं, म्हणजे चुकून कुणी डिलीट करू नये. त्यानं मनापासून केलं होतं, हे मी नाकारत नाही.

मी म्हटलं, "पासवर्ड मला दे, नाहीतर आईकडं लिहून ठेव." तो म्हणाला, "आक्का, पासवर्ड लिहून ठेवायचा नसतो. आणि तुला लागतोय कशाला? तू बिलं कर की." आई चुलीपाशी भाकरी थापत होती. म्हणाली, "मी ठेवतो की जपून. तिजोरीची किल्ली बी माझ्याकडंच हाय न्हवं." त्यावर तो नुसता हसला. त्या डिसेंबरात आप्पा गेले.

2019 च्या ऑगस्टात पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या आठवड्यात पंचगंगा 55 च्या वर गेली. आमच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी. मी आणि आईनं सीपीयू वायरींसकट उचलून माडीवर नेला, तेवढंच सुचलं. खालच्या लोखंडी कपाटातली कागदपत्रं राहिली. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आप्पांची वही लगद्यासारखी झालेली. पान उचलायला गेलं की बोटाला नुसता लगदा लागायचा, पेन्सिलीची एक रेघ शिल्लक नव्हती. बिलांचं तेच.

पण स्कॅन होतं. माडीवरचा सीपीयू कोरडा होता, चालू झाला. विम्याचा सर्व्हेअर येणार होता, त्याला मशिनांची बिलं दाखवायची होती. मी माझ्या अकाउंटमधून भावाचं फोल्डर उघडायला गेले तर परवानगी नाही, ॲडमिन पासवर्ड द्या. भावाला फोन लावला. तो म्हणाला सांगतो, आणि गप्प झाला. मे महिन्यात आला होता तेव्हा त्यानं पासवर्ड बदलला होता. दर तीन महिन्यांनी बदलायचा असा त्याचा नियम. लिहिला कुठंच नव्हता, कारण लिहायचा नसतो हाही त्याचाच नियम.

पाऊण तास मी की-बोर्डवर आणि तो फोनवर. मोठा एस, मग आप्पांचं नाव, मग 2019. नाही. छोटा एस. नाही. शेवटी ॲट द रेट. शेवटी हॅश. आई शेजारी बसून एका पाठकोऱ्या बिलावर चुकलेले पासवर्ड लिहून घेत होती, म्हणजे तेच परत नकोत. सत्तावीस झाले. शिरोलीपाशी पुण्याच्या हायवेवर पाणी येऊन पाच-सहा दिवस वाहतूक बंद पडली होती, नुकती सुरू झालेली, त्याला लगेच निघता येत नव्हतं. तो म्हणाला, "कुणाकडून तरी रीसेट करून घे."

मी गावातल्या एका रिपेअरवाल्याकडं दिला. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं संध्याकाळी सीपीयू परत आणून दिला, आठशे रुपये घेतले आणि सांगितलं, "पासवर्ड गेला मॅडम, नवीन विंडोज टाकून दिलंय." सी ड्राइव्ह फॉरमॅट. भावाचे डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवरच होते.

मला नंतर कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून लिहिते. साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या (म्हणजे आतला मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद न केलेल्या) डिस्कवर पासवर्ड विसरला म्हणजे फायली गेल्या असं अजिबात नाही. पासवर्ड विंडोजच्या दाराला असतो, डिस्कवरच्या फायलींना नाही. ती हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली असती तर आप्पांची वही दहा मिनिटांत पेन ड्राइव्हवर आली असती. कुणाच्याही हातात मशीन देताना "फॉरमॅट करायचं नाही, आधी डेटा काढा" हे कागदावर लिहून द्या. भावानं नंतर पुण्याला डिस्क नेऊन रिकव्हरी करून बघितली. दोनशेच्या वर तुटक्या फायली निघाल्या, नावं गेलेली. वहीची चार पानं मिळाली. वडणग्याचं पान त्यात नाही. बिलांच्या नकला मशीन विकणाऱ्यांकडून गोळा करून आणल्या, एका जुन्या लेथची मिळालीच नाही, त्याचा क्लेम सोडावा लागला.

आता तुमच्या घराचं. मिस्टर रोजचं काम ॲडमिन अकाउंटवर करत असतील तर तेही बंद करा. विंडोज बसवताना पहिलं अकाउंट आपोआप ॲडमिन होतं आणि लोक जन्मभर त्याच्यावरच बसतात. ॲडमिनवर असताना काही इन्स्टॉल व्हायला निघालं की विंडोज फक्त हो-नाही विचारतं, आणि माणूस हो दाबतो. स्टँडर्ड अकाउंटवर तीच खिडकी पासवर्ड मागते, तिथं हात थांबतो. 2007 साली व्हिस्टाबरोबर ही खिडकी आली तेव्हा लोकांनी तिला नावं ठेवली, पण घरातल्या कॉम्प्युटरला तिच्याइतका उपयोगी पहारेकरी दुसरा नाही. तेव्हा एक वेगळं ॲडमिन अकाउंट करा, माणसाचं नाव न देता 'घर' असं काहीतरी द्या, आणि चौघांची चार स्टँडर्ड अकाउंटं. क्रम चुकवू नका: आधी नवं ॲडमिन तयार करा, त्यात एकदा लॉगिन होऊन बघा, मगच मिस्टरांचं अकाउंट स्टँडर्ड करा. उलट करायला गेलात तर विंडोज बहुतेक वेळा अडवतं, पण नाही अडवलं तर घरात ॲडमिनच उरायचा नाही. विंडोजच्या पोटात आधीपासून असलेलं 'ॲडमिनिस्ट्रेटर' अकाउंट बंदच ठेवलेलं असतं, ते आपसूक मदतीला येत नाही.

लिहिण्याबद्दल माझ्या भावासारखंच तुमचे मिस्टरही बोलणार. त्यांना सांगा, ब्रूस श्नायर हे सुरक्षेतलं मोठं नाव आहे, त्यांनी 2005 सालीच लोकांना सांगितलं होतं की अवघड पासवर्ड ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटात जपा. आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा तो नियम? अमेरिकेच्या एनआयएसटी या, तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2003-04 च्या सुमाराच्या कागदात बिल बर या गृहस्थांनी तसलं लिहिलं होतं. 2017 मध्ये त्याच संस्थेनं नव्या सूचना काढून मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि बर यांनी स्वतः पेपरला मुलाखत देऊन पश्चात्ताप बोलून दाखवला. मी हे भावाला पाठवलं होतं. त्यानं वाचलं, उत्तर दिलं नाही. तुमच्या कपाटापर्यंत जो माणूस पोचतो तो कॉम्प्युटरच उचलून नेईल, वही चाळत बसणार नाही. आणि जो परदेशात बसून पासवर्ड चोरतो त्याला तुमचं कपाट दिसत नाही. पासवर्ड लांब ठेवा, चार-पाच शब्दांचा, एकदाच, आणि घरातल्या दोघांना माहीत असू दे. घर दोघांचं असेल तर किल्ली एकाच्या खिशात का? 'तुला काय कळतंय' हे म्हणायचं नसतं म्हणून माणसं 'तुला लागतोय कशाला' म्हणतात, हे मला त्या ऑगस्टात कळलं.

आमच्या आईकडं आता वही आहे. तिला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, पण भरभर लिहिता येत नाहीत, म्हणून ती मराठीत लिहिते: "मोठा के, मग ल्हान ओ, मग एल". प्रत्येक ओळीखाली तारीख. मी एकदा तिच्या वहीवरनं टाइप करून बघितलं, पहिल्या फटक्यात उघडलं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. विंडोज 11 असेल तर ॲडमिन बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असेल. तो पासवर्ड ऑनलाइन परत मिळवता येतो, पण कोड ज्या मोबाइलवर येतो तो नंबर मिस्टरांचा एकट्याचा असतो, तिथं तुमचाही घाला. रोज पिननं उघडायची सवय लागली की खरा पासवर्ड विसरतो. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, तेव्हा वहीत दोन्ही लिहा. लोकल अकाउंटला (जे फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतं, मायक्रोसॉफ्टशी जोडलेलं नसतं) विंडोज 10 मध्ये 2018 पासून तीन सुरक्षा-प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरंही लिहा. आणि मी वर म्हटलं ना, डिस्क काढून दुसऱ्याला जोडली की फायली दिसतात, ते नव्या लॅपटॉपवर धरून चालू नका. विंडोज 11 च्या 24एच2 या 2024 च्या आवृत्तीपासून नव्यानं विंडोज बसवलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बहुतेक मशिनांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मग 48 आकडी रिकव्हरी की (डिस्क उघडायचा लांब नंबर) हाच एक मार्ग, आणि ती ज्याच्या अकाउंटनं पहिल्यांदा लॉगिन झालं त्याच्या अकाउंटमध्ये असते. ती छापून घ्या. मिस्टरांना ऑफिसनं दिलेला लॅपटॉप असेल तर त्यातलं यातलं काहीही करू नका, तो ऑफिसचा आहे.

मुलीचं म्हणाल तर ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, मला तिची माहिती नाही. तिला स्टँडर्ड अकाउंट पुरेल, काही इन्स्टॉल करायचं असेल तर ती तुम्हाला हाक मारेल. पण वही कोणत्या कप्प्यात आहे ते तिला आत्ताच दाखवून ठेवा.