थारमधली स्वस्त जमीन घ्यावी का?

प्रश्न: आम्ही नागपूरचे, घरात चार माणसं. जैसलमेरकडे खेड्यात जमीन स्वस्तात मिळून राहिली. तिथं घर बांधून स्वतःपुरतं पिकवून राहणं जमेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: भावाचं नंतर बघू, आधी पाणी बघा. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला २०० सुद्धा नाही, अन् तोही दरवर्षी येईलच याचा भरवसा नाही. एक चौरस मीटर छतावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे १०० चौरस मीटर छत अन् १५० मिमी पाऊस धरला तर १५,००० लिटर, त्यातलं वाया गेलेलं सोडून टाक्यात साधारण १२,००० येतं, आणि चौघांना नुसतं प्यायला-रांधायला रोज ४० लिटर धरलं तरी वर्षाला १४,६०० लागतं! भाजी, गाय, धुणं तर यात धरलंच नाही. म्हणून तिकडे टाक्याभोवतीची जमीन चोपून, उतार देऊन तिचंही पाणी आत घेतात.

बोअरवर विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी पाणी खारं नाहीतर फ्लोराइडवालं, शेजारच्या विहिरीचं आधी लॅबमध्ये तपासून घ्या.

सखल भागात खडीन असेल, म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी अडवलेलं शेत, तर मात्र जरूर विचार करा, त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा होतो. नुसती वाळूची जमीन असेल तर मी तरी घेऊ नका म्हणेन. अन् बघायला मे महिन्यातच जा, गावातली माणसं तेव्हा पाणी कुठून आणतात ते बघा.