खुनी कोण ते आठवत असताना 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही रहस्यकथा ऑडिओबुकवर पुन्हा ऐकण्यात काही अर्थ आहे का?

आहे. मी तर म्हणेन, खुनी आठवतोय म्हणूनच ऐका. तुम्ही कादंबरी वाचलेली आहे, त्यामुळे मी पुढे शेवट बिनदिक्कत फोडणार आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी कृपया इथूनच मागे फिरावं.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ही १९२६ सालची कादंबरी पहिल्यांदा वाचताना आपण किंग्ज अ‍ॅबट गावात संशयित शोधत फिरतो. खून झालेल्या अ‍ॅक्रॉइडचा पैशाच्या अडचणीत सापडलेला सावत्र मुलगा, देणी थकवलेली भावजय, दारामागे घुटमळणारा बटलर. डॉ. शेपर्डकडे लक्ष जात नाही, कारण गोष्ट तोच सांगतोय. दुसऱ्या खेपेला ही सगळी मंडळी मागे सरकतात आणि उरतो फक्त डॉक्टर. तो एकही धडधडीत खोटं वाक्य न बोलता आपल्याला कसा गुंडाळतो, हे ऐकण्यातच खरी मजा आहे.

ते पत्राचं प्रकरण आठवतंय? आठ चाळीसला अ‍ॅक्रॉइडच्या खोलीत पत्र येतं, आठ पन्नासला डॉक्टर तिथून निघतो. मधल्या दहा मिनिटांबद्दल अवाक्षर नाही. पुढे प्रेत सापडल्यावर बटलरला फोन करायला पाठवून, 'जे थोडंफार करायचं होतं ते केलं' अशा अर्थाचं काहीतरी तो सांगतो. वाचताना अशा वाक्यांवरून डोळा घसरतो, कारण पान उलटायची घाई असते. ऐकताना तशी घाई करता येत नाही. वाक्य आपल्या वेगाने येतं, आणि येणार हे ठाऊक असल्यामुळे अंगावर काटा येतो. म्हणून एक विनंती: वेग वाढवून ऐकू नका.

आणखी एक गंमत. या खुनाचा सगळा डोलारा डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर, उभा आहे. साडेनऊला दाराबाहेर अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो, म्हणजे तो जिवंत आहे असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो केव्हाच मेलेला असतो, बोलत असतं ते यंत्र. हे आपण इयरफोन लावून, ध्वनिमुद्रित आवाजावर विश्वास ठेवून ऐकत असतो!

निवड करायची असेल तर ह्यू फ्रेझरने वाचलेली आवृत्ती घ्या. डेव्हिड सुशे ज्यात गुप्तहेर प्वारो झाला होता, त्या टीव्ही मालिकेत प्वारोचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज झालेला तोच. कादंबरीत हेस्टिंग्ज अर्जेंटिनाला गेलेला आहे आणि एकटा पडलेला प्वारो शेपर्डमध्ये त्याची जागा भरून काढू पाहतो. त्या भोळ्या, विश्वासू मित्राचा आवाज खुन्याच्या तोंडी! हे मुद्दाम ठरवलं होतं की योगायोग, देव जाणे, पण जमलंय झकास.

कॅरोलाइनसाठी तरी ऐकाच. डॉक्टरची ही भोचक बहीण उंबरठा न ओलांडता दूधवाल्याकडून, मोलकरणींकडून गावभरच्या बातम्या गोळा करते. माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या डावाचं प्रकरण कागदावर मला लांबलेलं वाटायचं. कानाने ऐकलं तर चार जणांच्या कुचाळक्या आणि मधूनच सोंगट्यांची हाक, नाटकाचा प्रवेशच तो. ख्रिस्तीची दुसरी गुप्तहेर, म्हातारी मिस मार्पल, बहुधा हिच्यातूनच सुचली असावी, असं तिने आत्मचरित्रात म्हटलंय. १९२८ साली या कादंबरीवरून 'अलिबाय' नाटक झालं तेव्हा कॅरोलाइनच्या जागी एक तरुण मुलगी आणून बसवली, त्याचा ख्रिस्तीला राग आला होता. रास्तच.

तक्रार एकच. मधल्या भागात नोकरांच्या, पाहुण्यांच्या जबान्या एकामागून एक येतात आणि कोण कुठल्या दारातून कुठे गेलं याचा कानाला पत्ता लागत नाही. छापील पुस्तकात नकाशे आहेत. जुनी प्रत घरात असेल तर तेवढी पानं समोर उघडून ठेवा.